डच वाक्यात क्रियापद कुठे बसतं?

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनींचं सविस्तर पत्र आलं आहे. डच शिकताना पडलेले प्रश्न त्यांनी ओळीने मांडले आहेत. ते सगळ्यांच्याच उपयोगाचे असल्यामुळे या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. डच शब्द उच्चाराच्या जवळ जातील अशा बेताने देवनागरीत लिहिले आहेत. त्यांत 'ख' दिसेल तिथे तो घशातून खरखरीत काढावा आणि शब्दाच्या शेवटी सुटा 'अ' दिसेल तिथे तो ओझरता उच्चारावा.

प्रश्न : घरच्यांच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून आइंडहोवनला आलो. इंग्रजीवर सगळं भागतं. पण मुलीच्या शाळेतली पालकसभा, शेजारच्या आजी, दुकानातल्या पाट्या हे सगळं डचमध्येच. म्हणून वर्ग लावला. शब्द पाठ होतात, वाक्य मात्र जुळत नाही. क्रियापद कधी दुसऱ्या जागी, कधी पहिल्या, कधी पार शेवटी, तर कधी त्याचे दोन तुकडे. याला काही नियम आहे की नाही?

उत्तर : नियम आहे आणि तो दोन वाक्यांत सांगता येतो. डचमध्ये क्रियापदाची मूळ जागा शेवटी असते, मराठीसारखीच. फक्त मुख्य वाक्यात, क्रियापदाचा जो भाग काळ आणि पुरुष दाखवतो तेवढा उचलून दुसऱ्या जागी आणतात. बाकीचं सगळं जिथल्या तिथे राहतं. तुम्हाला दिसलेल्या जवळजवळ सगळ्या जागा या एकाच नियमातून निघतात. डच भाषाशास्त्रज्ञ यान कॉस्तर यांनी १९७५ साली एका निबंधात हीच मांडणी केली : डच ही मुळात कर्ता-कर्म-क्रियापद या क्रमाची भाषा आहे. डच वाक्यरचनेचे अनेक अभ्यासक आजही तिथूनच सुरुवात करतात.

एक साधं वाक्य घेऊ आणि तेच उलटसुलट करून पाहू. आधी गौणवाक्य, म्हणजे 'कारण', 'की', 'जर' अशा शब्दाने सुरू होऊन दुसऱ्या वाक्याला जोडलं जाणारं वाक्य :

ओमदात इक फान्दाख तॉइस कॉफी द्रिंक.
कारण मी आज घरी कॉफी पितो.

शब्दावर शब्द ठेवून पाहा. ओमदात म्हणजे कारण, इक म्हणजे मी, फान्दाख म्हणजे आज, तॉइस म्हणजे घरी, कॉफी ती कॉफीच आणि द्रिंक म्हणजे पितो. एकही शब्द इकडचा तिकडे करावा लागला नाही. इंग्रजीत हेच सांगायचं तर कर्त्यानंतरचा सगळा क्रम उलटा होतो : मी, पितो, कॉफी, घरी, आज. इंग्रजीतून डच शिकणाऱ्याला गौणवाक्य अवघड जातं ते यामुळेच. आपल्याला ते घरचं आहे.

आता हेच मुख्य वाक्य करू :

इक द्रिंक फान्दाख तॉइस कॉफी.

शेवटचं 'द्रिंक' उचलून दुसऱ्या जागी आणलं. आज, घरी, कॉफी हा क्रम तसाच राहिला. बोलणाऱ्याला 'आज'वर भर द्यायचा असेल तर तो शब्द पुढे येतो :

फान्दाख द्रिंक इक तॉइस कॉफी.

इथे नीट थांबून पाहायला हवं. 'आज' पहिल्या जागी आला, पण 'द्रिंक' दुसऱ्या जागेवरून हललं नाही. मग कर्त्याला, म्हणजे 'इक'ला, क्रियापदाच्या मागे जाऊन बसावं लागलं. वर्गात सर्वांत जास्त होणारी चूक हीच : 'फान्दाख इक द्रिंक' असं म्हटलं जातं, कारण डोक्यात इंग्रजी वाक्य असतं. डच कानाला ते लगेच खटकतं. कॉफीवरच जोर द्यायचा असेल, चहा नव्हे कॉफी असं म्हणायचं असेल, तर 'कॉफी द्रिंक इक तॉइस'. पहिल्या जागी कोणीही येवो, दुसरी जागा क्रियापदाची.

दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द नव्हे, हेही ध्यानात ठेवा. 'इन द क्लेइनअ क्योकन फान मेइन मूदर' म्हणजे 'माझ्या आईच्या छोट्या स्वयंपाकघरात'. हे सात शब्द मिळून एकच जागा व्यापतात, कारण ते सगळे मिळून 'कुठे?' या एकाच प्रश्नाचं उत्तर देतात. त्यानंतर लगेच 'द्रिंक इक कॉफी'.

होय-नाही उत्तराच्या प्रश्नात पहिली जागा रिकामी सोडतात, त्यामुळे क्रियापद आपोआप वाक्याच्या सुरुवातीला दिसतं : 'द्रिंक येइ कॉफी?' म्हणजे 'तू कॉफी पितोस का?' इथे एक बारकावा आहे. 'तू पितोस' हे साधं विधान 'येइ द्रिंक्त' असं होतं, शेवटी 'त' लागतो. पण 'येइ' मागे गेला की तो 'त' गळतो : 'द्रिंक येइ'. हे फक्त 'तू'च्या बाबतीत घडतं. 'तो', 'ती' किंवा आदरार्थी 'तुम्ही' असेल तर 'त' टिकून राहतो.

प्रश्न : आणि क्रियापदाचे दोन तुकडे?

उत्तर : नियम तोच. क्रियापदात दोन शब्द असतील तर काळ-पुरुष दाखवणारा एकच शब्द पुढे येतो, दुसरा मूळ जागी, म्हणजे शेवटी राहतो :

इक हेप फान्दाख तॉइस कॉफी खद्रोंकन. (मी आज घरी कॉफी प्यायलो आहे.)
इक विल फान्दाख तॉइस कॉफी द्रिंकन. (मला आज घरी कॉफी प्यायची आहे.)

दोन तुकड्यांच्या मधे अख्खं वाक्य धरलं जातं, म्हणून डच व्याकरणात याला 'तांगकॉन्स्त्रुक्सी', म्हणजे पक्कड-रचना म्हणतात. मधला मजकूर कितीही लांबला तरी दुसरा तुकडा शेवटीच येतो. त्यामुळे डच ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत कान देऊन राहावं लागतं. आपल्याला यात नवं काही नाही. मराठी वाक्यात माणूस आला, गेला की राहिला हे शेवटच्या शब्दावरच कळतं.

याच घरातला दुसरा प्रकार म्हणजे उपसर्ग सुटणारी क्रियापदं. 'खेव्हन' म्हणजे देणं. त्याला उपसर्ग लागला की अर्थ पार बदलतो : 'ऑइतखेव्हन' म्हणजे खर्च करणं, 'ऑपखेव्हन' म्हणजे नाद सोडणं, 'तूखेव्हन' म्हणजे कबूल करणं. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी जातं आणि उपसर्ग शेवटी राहतो :

इक खेफ फेल खेल्त ऑइत. (मी खूप पैसे खर्च करते.)

'खेफ' ऐकून 'देते' असा अर्थ धरून बसलात तर फसगत होईल. शेवटचा 'ऑइत' आल्यावर खरा अर्थ कळतो. गौणवाक्यात मात्र क्रियापद शेवटी जातं आणि तिथे थांबलेल्या उपसर्गाला पुन्हा चिकटतं : 'ओमदात इक फेल खेल्त ऑइतखेफ'. म्हणून शब्दकोशात क्रियापद शोधण्याआधी वाक्याचं शेपूट पाहायची सवय लावा.

प्रश्न : 'कारण'साठी दोन शब्द शिकवले, 'वांत' आणि 'ओमदात'. दोन्हींत फरक काय?

उत्तर : अर्थाने फारसा नाही, रचनेने मोठा आहे. 'वांत' दोन मुख्य वाक्यं जोडतो, म्हणून त्याच्यानंतर क्रियापद दुसऱ्या जागी : 'वांत इक द्रिंक फान्दाख तॉइस कॉफी'. 'ओमदात' गौणवाक्य सुरू करतो, म्हणून क्रियापद शेवटी. 'एन' (आणि), 'मार' (पण), 'ऑफ' (किंवा) हे शब्द 'वांत'च्या गटातले. 'आल्स' (जर, जेव्हा), 'तून' (भूतकाळातलं जेव्हा) आणि 'की' या अर्थाचा 'दात' हे 'ओमदात'च्या गटातले. 'जो' या अर्थाने येणारा 'दी'सुद्धा याच गटात मोडतो : 'द मान दी हीर वोन्त', म्हणजे जो माणूस इथे राहतो तो.

गौणवाक्य आधी आलं तर ते सबंध वाक्य पहिली जागा घेतं. मग दुसऱ्या जागी मुख्य क्रियापद येणार हे ओघानेच आलं :

आल्स हेत रेखन्त, ब्लेइफ इक तॉइस. (पाऊस पडला तर मी घरीच राहते.)

स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना दोन क्रियापदं समोरासमोर येतात : 'रेखन्त' म्हणजे पाऊस पडतो आणि 'ब्लेइफ' म्हणजे राहते. हे दृश्य डोळ्यांत बसवून घ्या. आपण मराठीत जर-तर, जेव्हा-तेव्हा अशी वाक्यं दिवसभर बोलतो आणि 'जर'ची बाजू आधी मांडतो. त्यामुळे ही रचना तुमच्या तोंडी फार लवकर बसेल.

एक जागा मात्र अशी आहे की तिथे मराठी पूर्णपणे मदतीला येत नाही. गौणवाक्याच्या शेवटी दोन क्रियापदं आली की त्यांचा आपसांतला क्रम कोणता? 'प्यायलो आहे' साठी 'खद्रोंकन हेप' आणि 'हेप खद्रोंकन' असे दोन्ही क्रम बरोबर मानले जातात. डच अभ्यासक पहिल्याला हिरवा क्रम आणि दुसऱ्याला लाल क्रम म्हणतात. बोलींच्या नकाशांवर वापरलेल्या रंगांवरून ही नावं पडली. हिरवा क्रम मराठीशी जुळतो, तेव्हा सुरुवातीला तोच वापरायला हरकत नाही. 'विल'सारखं क्रियापद असेल तर मात्र ते बहुधा आधी येतं : 'ओमदात इक कॉफी विल द्रिंकन'. आपण 'प्यायची आहे' म्हणतो, डच माणूस 'आहे-प्यायची' अशा क्रमाने म्हणतो. एवढं वेगळं शिकून घ्यावं लागेल.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी ठेवण्याची ही रीत जर्मन आणि स्वीडिशमध्येही आहे. जुन्या इंग्रजीतही ती बरीच होती, पुढे मोडली. आणि आपल्या देशात ती काश्मिरी भाषेत आढळते. तेव्हा ही काही फक्त युरोपची गोष्ट नाही.

प्रश्न : नामांच्या आधी 'द' लावायचं की 'हेत', हे कसं ओळखायचं?

उत्तर : मराठीत तीन लिंगं आहेत, प्रमाण डचमध्ये व्यवहारात दोनच उरली आहेत. पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एकत्र होऊन 'द'चा गट झाला, नपुंसकलिंग 'हेत'च्या गटात राहिलं. बहुसंख्य नामं 'द'ची आहेत. काही पक्के नियम सांगतो. अनेकवचनात सगळीच नामं 'द' घेतात. लघुत्वदर्शक रूपं, म्हणजे 'छोटंसं' असं सुचवणारी, सगळीच 'हेत' घेतात : 'द कोप' म्हणजे कप, पण 'हेत कोप्यअ' म्हणजे छोटा कप. भाषांची नावं 'हेत'ची. क्रियापदापासून जसंच्या तसं केलेलं नाम 'हेत'चं, आणि इथे मराठीशी मेळ बसतो : 'हेत लेझन' म्हणजे 'ते वाचणं', दोन्ही नपुंसक. '-इंग' आणि '-हेइत' असा शेवट असलेली भाववाचक नामं 'द'ची.

घर, मूल, पुस्तक, पाणी, सोनं हे शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहेत आणि डचमध्येही 'हेत'चेच आहेत : हेत हॉइस, हेत किंत, हेत बूक, हेत वातर, हेत खौत. पण या जुळणीवर भिस्त ठेवू नका. दूध आणि फूल मराठीत नपुंसकलिंगी, डचमध्ये मात्र 'द मेल्क' आणि 'द ब्लूम'. खात्रीचा मार्ग एकच : नाम पाठ करताना 'द' किंवा 'हेत'सकट पाठ करा.

ही मेहनत वाया जात नाही, कारण विशेषणही याच भेदावर चालतं. 'मोठं' म्हणजे 'ख्रोत'. नामाआधी त्याला बहुतेक वेळा शेवटी 'अ' लागतो : द ख्रोतअ तॉइन (ती मोठी बाग), अन ख्रोतअ तॉइन (एक मोठी बाग), हेत ख्रोतअ हॉइस (ते मोठं घर). मुख्य अपवाद असा : 'हेत'चं एकवचनी नाम 'अन', म्हणजे 'एक', सोबत आलं की नुसतं 'ख्रोत' : अन ख्रोत हॉइस. मोठा, मोठी, मोठे, मोठ्या अशी रूपं लहानपणापासून सांभाळणाऱ्या मराठी माणसाला हे ओझं हलकंच वाटेल.

प्रश्न : नकारासाठी 'नीत' आणि 'खेन' असे दोन शब्द का?

उत्तर : नामाआधी 'अन' असेल किंवा काहीच नसेल, तर 'खेन' : 'इक हेप खेन फीत्स', माझ्याकडे सायकल नाही. 'इक द्रिंक खेन कॉफी', मी कॉफी पीत नाही. बाकी ठिकाणी 'नीत'. त्याची जागा साधारणपणे वाक्याच्या शेवटाकडे : 'इक केन द मान नीत', मी त्या माणसाला ओळखत नाही. मात्र शेवटी क्रियापदाचा तुकडा थांबला असेल तर 'नीत' त्याच्या आधी येतो : 'इक हेप द मान नीत खझीन', मी त्या माणसाला पाहिलेलं नाही. विशेषण किंवा 'अमुक ठिकाणी' असं सांगणारे शब्द असतील तर त्यांच्याही आधी : 'इक वोन नीत इन देल्फ्त', मी डेल्फ्टमध्ये राहत नाही. आपलं 'नाही' क्रियापदाच्या मागे असतं, डच 'नीत' शेवटच्या क्रियापदाच्या पुढ्यात. एवढाच फरक लक्षात ठेवा.

प्रश्न : आकडे आणि घड्याळ यांत गोंधळ होतो. काही युक्ती?

उत्तर : आकड्यांत मराठी सरळ कामी येते. पंचवीस म्हणताना आपण आधी पाच आणि मग वीस म्हणतो. डचमध्येही तसंच : 'फेइफ-एन-त्विंतख', पाच आणि वीस. फोन नंबर उतरवून घेताना इंग्रजीच्या सवयीने आधी दशक लिहू नका. दीडसाठीही डचमध्ये आपल्यासारखा स्वतंत्र शब्द आहे, 'आंदरहाल्फ'. सव्वापाच म्हणजे 'क्वार्त ओव्हर फेइफ', पावणेसहा म्हणजे 'क्वार्त फोर झेस'.

सांभाळायचं ते 'हाल्फ'ला. 'हाल्फ झेस' यातला 'झेस' म्हणजे सहा, पण वेळ साडेपाचची. सहाकडे जाताना अर्धा तास झाला, असा हिशोब. साडेसहा समजून डॉक्टरकडे गेलात तर तासभर उशीर झालेला असेल. आणि पाच वाजून वीस मिनिटांना 'तीन फोर हाल्फ झेस' म्हणतात, म्हणजे साडेपाचला दहा कमी. इथला 'तीन' हा डच दहा आहे, तेवढं भान ठेवा.

प्रश्न : मग सराव कसा करू? मी डच बोलायला लागले की समोरचे इंग्रजीवर येतात.

उत्तर : रोज एकच वाक्य घ्या आणि त्याची पाच रूपं करा : साधं मुख्य वाक्य, 'आज' पुढे आणून, प्रश्न, 'हेप' लावून, आणि 'ओमदात' लावून. कॉफीचं वाक्य झालं की भाजी आणण्याचं, मग मुलीला शाळेतून आणण्याचं. रोजच्या कामातलं वाक्य निवडा, म्हणजे ते दुसऱ्या दिवशी तोंडात येतं. मधले शब्द आधी वेळ, मग कसं, मग कुठे, या क्रमाने ठेवा : उद्या, ट्रेनने, उत्रेख्तला. मराठीत आपण सहज असंच म्हणतो.

ऐकण्यासाठी 'योख्त-झुर्नाल' पाहा. १९८१ पासून चालू असलेलं हे मुलांसाठीचं बातमीपत्र आहे. भाषा स्वच्छ, वाक्यं छोटी. मुलीसोबत पाहिलंत तर दोघींचाही अभ्यास होईल. आणि कोणी इंग्रजीवर आलं तर सरळ विचारा : 'माख इक नेदरलांत्स ऊफनन?', म्हणजे 'डचचा सराव करू का?' इंग्रजी ते बहुधा मदत म्हणूनच बोलतात. तुमची इच्छा कळली की बहुतेक जण आनंदाने थांबून ऐकतात. शेजारच्या आजी तर नक्कीच थांबतील. सुरुवात त्यांच्यापासून करा.

शेवटचं सांगणं सगळ्याच वाचकांना. डचचे वर्ग आणि पुस्तकं बहुतेक इंग्रजीतून असतात, म्हणून आपण नकळत आधी इंग्रजी वाक्य रचतो आणि मग त्याचं डच करायला जातो. वाक्यरचनेपुरता हा वळसा टाळा. शब्दांसाठी इंग्रजी खुशाल वापरा, तिथे साम्य भरपूर आहे. पण वाक्य मराठीत मनात आणा, क्रियापद शेवटी असू द्या आणि मुख्य वाक्य असेल तर ते उचलून दुसऱ्या जागी ठेवा.